फादर स्टीफन्सचें ख्रिस्तपुराण : निजभक्ति आणि धर्मकथन

महाराष्ट्र-सारस्वताच्या इतिहासांत ख्रिस्तपुराणाचा उल्लेख बहुधा एकाच निमित्तानें होतो. ग्रंथारंभीं कर्त्यानें मराठी भाषेची जी स्तुति केली आहे तिच्या ओंव्या पुष्कळांस पाठ असतात. त्या म्हणून दाखविल्या कीं परदेशांतून आलेल्या एका पाद्र्यानें आमच्या भाषेचा गौरव केला एवढ्या समाधानावर ग्रंथ मिटतो. राहिलेल्या सुमारें अकरा हजार ओंव्या कोणासाठीं लिहिल्या, कोणत्या वृत्तीनें लिहिल्या आणि त्या कोणीं जपल्या, हे प्रश्न भाषाभिमानाच्या त्या आनंदांत मागें पडतात. प्रस्तुत लेखांत आम्हीं त्यांच्या मुळाशीं असलेला एकच प्रश्न घेतला आहे. मनुष्याची स्वतःची ईश्वरभक्ति आणि ती दुसऱ्यास सांगण्याची त्याची खटपट यांचा परस्परसंबंध काय? धर्मप्रसाराच्या इतिहासांत या दोहोंची गल्लत फार होते. एक पक्ष प्रसारकाची भक्ति पुढें करून त्याच्या पाठीशीं उभी असलेली राजसत्ता झांकतो. दुसरा पक्ष राजसत्ता दाखवून भक्ति हें निव्वळ सोंग होतें असें म्हणतो. कागद पाहणारास दोन्ही पक्षांच्या सोयीचें असें फारसें कांहीं सांपडत नाहीं.

टॉमस स्टीफन्स हा इंग्लंडांतील विल्टशायर परगण्याचा. जन्म इ. स. १५४९ च्या सुमाराचा. एलिझाबेथ राणीच्या अमदानींत रोमन कॅथलिक मतास त्या देशांत थारा उरला नव्हता. तेव्हां त्यानें रोम गांठलें व १५७५ सालीं तो जेझुइट संघांत दाखल झाला. ४ एप्रिल १५७९ रोजीं लिस्बनहून निघून २४ ऑक्टोबर रोजीं तो गोव्यास उतरला. समुद्रप्रवासाची हकीकत सांगणारें त्यानें बापास लिहिलेलें १० नोव्हेंबरचें पत्र पुढें हॅक्लूटच्या संग्रहांत छापलें गेलें. इंग्रजी व्यापाराच्या इतिहासांत त्या पत्राची मातब्बरी आहे. आम्हांस येथें तिच्याशीं कर्तव्य नाहीं. त्यानंतरचीं चाळीस वर्षें हा मनुष्य गोव्यांत, आणि त्यांतलीं बहुतेक साष्टी प्रांतांत, राहिला. १६१९ सालीं गोव्यांतच वारला. मायदेश त्यानें पुनः पाहिला नाहीं.

जेझुइट संघांत शिरणाऱ्या प्रत्येकास संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला यानें घालून दिलेल्या ध्यानक्रमांतून जावें लागतें. १५४८ सालीं हा क्रम पुस्तकरूपानें छापला गेला. पूर्ण क्रम सुमारें तीस दिवसांचा असून त्यांत साधकानें ख्रिस्तचरित्रांतील एकेक प्रसंग डोळ्यांपुढें उभा करावयाचा असतो. जन्माचा प्रसंग घ्यावा, तर बेथलेहेमची वाट केवढी लांब, गुहा उंच कीं सखल, तेथें कोण कोण आहेत, तीं काय बोलतात, हें मनानें पाहावें, ऐकावें, आणि आपणही तेथें एखाद्या दीन सेवकासारखें उभें राहावें, असा विधि आहे. आमच्याकडील सगुणध्यान व मानसपूजा ज्यांस ठाऊक आहे त्यांस हा प्रकार परका वाटणार नाहीं. स्टीफन्स हा या शाळेंत तयार झालेला साधक होता, ही गोष्ट त्याच्या पुराणाच्या अभ्यासकांनीं जितकी लक्षांत घ्यावयास पाहिजे तितकी घेतलेली आम्हांस दिसत नाहीं. ज्ञानेश्वरीची ओंवी त्यानें कोठून उचलली याची चर्चा होते; त्या ओंवींत ओतलेलें चित्र त्याच्या मनांत कोठून आलें याची होत नाहीं.

गोव्यांत येऊन त्यास चार वर्षें होतात न होतात तों साष्टींतील कुंकळ्ळीचा प्रसंग घडला. १५ जुलै १५८३ रोजीं चर्चसाठीं जागा पाहण्यास व क्रूस उभारण्यास गेलेल्या पांच जेझुइटांस तेथील लोकांनीं ठार मारलें. त्यांचा प्रमुख रुदोल्फ आक्वाव्हिव्हा हा अकबर बादशहाच्या दरबारांत कांहीं वर्षें काढून नुकताच परतला होता. गांवकऱ्यांच्या संतापास कारण होतें. १५६७ सालीं साष्टींतील देवळें पाडण्यांत आलीं होतीं. ज्या देवांच्या जत्रा बापजाद्यांनीं चालविल्या ते देव खाडीपलीकडे नेऊन ठेवावे लागले होते. पुढें पोर्तुगीज अधिकाऱ्यांनीं बोलाचालीच्या मिषानें कुंकळ्ळीच्या प्रमुखांस असोळण्याच्या किल्ल्यांत बोलावून दग्यानें मारलें. दोन्ही बाजूंचें रक्त एकाच भूमींत मुरलें आहे, आणि एका बाजूचें सांगून दुसऱ्या बाजूचें गाळणें हें इतिहासलेखकाचें काम नव्हे.

मारल्या गेलेल्या पांचांचीं प्रेतें मिळवून त्यांची उत्तरक्रिया करण्यांत स्टीफन्सचा पुढाकार होता. त्याच वर्षीं २४ ऑक्टोबरला, म्हणजे गोव्यास उतरल्याला बरोबर चार वर्षें झालीं त्या दिवशीं, त्यानें पॅरिस येथील आपला भाऊ रिचर्ड यास लॅटिनमध्यें एक पत्र लिहिलें. त्यांत या पांच सोबत्यांच्या मृत्यूची हकीकत आहे. आणि त्याच पत्रांत, या देशच्या भाषांचे उच्चार गोड आहेत व त्यांची घडण ग्रीक आणि लॅटिन भाषांसारखी आहे, असाही मजकूर आहे. संस्कृताच्या अभ्यासकांस त्यांतलें हें दुसरें वाक्य ठाऊक असतें, कारण सर विल्यम जोन्स यानें १७८६ सालीं केलेल्या प्रतिपादनाच्या दोनशें वर्षें आधीं हें साम्य कोणाच्या तरी नजरेस आलें होतें, याचें तें प्रमाण होय. आम्हींही कित्येक वर्षें विद्यार्थ्यांस तेवढेंच सांगत आलों. दोन्ही मजकूर एकाच पत्रांतले आहेत हें ध्यानांत आल्यापासून मात्र त्या वाक्याचा अर्थ आम्हांस निराळा लागूं लागला. ज्यांनीं आपले सोबती मारले त्यांचीच भाषा हा मनुष्य कान देऊन ऐकत आहे, आणि तिचें व्याकरण मनांत जुळवीत आहे. ज्या प्रांतांत हें घडलें तो प्रांत सोडून जाण्याचें त्याच्या मनांत आलेलें दिसत नाहीं.

आतां पुराणाकडे वळूं. ग्रंथाचे दोन भाग. पहिल्या पुराणांत सृष्टीच्या उत्पत्तीपासून ख्रिस्तपूर्व संदेष्ट्यांपर्यंतची कथा असून त्याचे अवस्वर ३६. दुसऱ्यांत ख्रिस्ताचें चरित्र, अवस्वर ५९. आरंभीं नमनें आहेत, त्यांचा क्रम आमच्या पुराणकर्त्यांच्या धाटणीचा. फक्त गणेश-शारदेच्या स्थानीं त्रैक्य, मरिया, देवदूत व संत आहेत. त्यानंतर ग्रंथाचें निमित्त सांगितलें आहे, तेंच आमच्या विषयाच्या दृष्टीनें सर्वांत मोलाचें. साष्टींत पाद्री-गुरु मुलांस धर्मशिक्षण देत असतां एक ब्राह्मण त्यास विनंती करतो. त्याचा आशय असा कीं, प्रार्थना व आज्ञा आम्हांस शिकविल्यात हें चांगलें झालें. परंतु पूर्वीं आमच्याजवळ पुराणें होतीं, तीं गेलीं. त्यांच्या जागीं वाचावयास, ऐकावयास आमच्या भाषेंत कांहीं द्याल तर बरें होईल.

हें मागणें वाचून पुष्कळ टीकाकार कवीच्या योजकतेची तारीफ करतात. आमचें मन मात्र त्या ‘गेलीं’ या अर्थाशीं अडतें. तीं पुराणें कशीं गेलीं? १५६० सालीं गोव्यांत इन्क्विझिशनची स्थापना झाली, आणि हिंदूंचे धर्मग्रंथ बाळगणें त्या मुलखांत धोक्याचें ठरलें. लुइस फ्रॉइश या जेझुइटानें १५५९ सालीं लिहिलेल्या एका पत्रांत, एका बाटलेल्या ब्राह्मणानें गव्हर्नरच्या परवानगीनें चार माणसें बरोबर घेऊन मुख्य भूमीवरील एका विद्वानाच्या घरावर घाला घातल्याची व त्यानें आठ वर्षें खपून जमविलेला व्यासादिकांचा ग्रंथसंग्रह उचलून आणल्याची हकीकत आहे. आणलेले ग्रंथ भाषांतरून वादविवादांत हिंदूंविरुद्ध वापरण्यांत आले. ज्यांनीं एकेक पोथी मिळविण्यासाठीं पायपीट केली आहे अशा या त्रैमासिकाच्या वाचकांस त्या नांव न राहिलेल्या गृहस्थाची त्या रात्रीची अवस्था सांगावयास नको.

पोर्तुगालांतील ब्रागा येथील ग्रंथालयांत रोमन लिपींतले जे जुने गोमंतकी बाड आहेत, त्यांत रामायण-महाभारताच्या कोंकणी गद्य कथा व मराठी पद्यें आहेत. मिशनऱ्यांनीं भाषेच्या अभ्यासासाठीं तीं उतरवून घेतलीं. म्हणजे श्रावकांस जें वर्ज्य केलें तें गुरूंच्या टेबलावर पाठ्य म्हणून होतें. स्टीफन्सची ओंवी अशाच वाचनावर पोसलेली असली पाहिजे. त्याच्या पुराणांतला ‘वैकुंठ’ शब्द लॅटिन कोशांतून आलेला नाहीं. हा त्या भक्तीचा नैतिक दोष म्हणावयाचा काय? आमचें मत असें कीं, दोष सत्तेचा होता आणि लाभ कवीस झाला. आणि लाभ घेणारा त्या दोषापासून सर्वस्वीं मोकळा राहत नाहीं. मूर्तिपूजेवरचे प्रहार ग्रंथांत आहेत, तेही लपविण्याचें कारण नाहीं.

परंतु येथें एक भेद करणें अवश्य आहे. ख्रिस्तपुराणाचा श्रोता बाप्तिस्मा घेतलेला आहे. त्याचें धर्मांतर, कोणत्याही कारणानें कां होईना, आधींच होऊन गेलें आहे. दप्तरांत त्याचें नांव बदललें, वेष बदलला, कुळाचार बंद झाला. रिकामें राहिलें तें मन. त्या रिकामपणांत स्टीफन्सनें काय ठेवलें? दुसऱ्या पुराणांतील जन्माचे व दुःखभोगाचे अवस्वर सावकाश वाचले तर सिद्धांत थोडे व दर्शन पुष्कळ असें दिसतें. माणसें कोठें उभीं आहेत, काय पाहतात, काय बोलतात, आई कशी शोक करते, हें ओंवी थांबून थांबून सांगते. आम्हीं वर जो ध्यानक्रम सांगितला त्याची खूण येथें पटते. स्वतः एकांतांत जें पाहावयास शिकला तेंच त्यानें श्रोत्यांस दाखविलें. ध्यान आणि कथन हीं या ग्रंथांत दोन निरनिराळीं कामें नाहींत. कथन म्हणजे मोठ्यानें केलेलें ध्यान आहे. आमच्याकडे कीर्तनकारानें आधीं आपण रंगावें मग श्रोत्यांस रंगवावें असें मानतात, त्याच जातीची ही गोष्ट. सत्तेच्या जोरावर नांवें बदलवितां येतात. असें पुराण लिहवितां येत नाहीं.

भाषेच्या निवडीवरूनही हेंच दिसतें. गद्य प्रस्तावनेंत कर्ता सांगतो कीं शुद्ध मराठी मध्यम लोकांस कळत नाहीं, म्हणून पूर्वकवींचे अवघड शब्द टाकून ब्राह्मणांच्या बोलींतले, म्हणजे आपण आज ज्यास कोंकणी म्हणतों तींतले, सोपे शब्द मिसळले आहेत. पांडित्य मिळविल्यावर तें उतरवून ठेवणें किती कठिण असतें हें संस्कृत शिकविण्यांत आयुष्य गेलेल्या आमच्यासारख्यास सांगावयास लाज वाटूं नये. याच गृहस्थानें कोंकणीचें व्याकरण रचलें. तें दिओगो रिबेरो यानें वाढवून १६४० सालीं रायतूर येथें छापून निघालें. मुलांसाठींची प्रश्नोत्तररूप धर्मशिक्षा १६२२ सालीं निघाली. दोन्ही पुस्तकें त्याच्या मृत्यूनंतरचीं.

पुराण त्याच्या हयातींत, १६१६ सालीं, छापलें गेलें; पुढें १६४९ व १६५४ सालीं पुनः. तिन्ही वेळां रोमन लिपींत. देशी अक्षरांत छापण्याची स्टीफन्सची इच्छा होती. १६०८ सालीं त्यानें संघाच्या रोममधील मुख्याकडे तशी मागणीही केली. परंतु जोडाक्षरांसह सुमारें सहाशें ठसे पाडावे लागतील ही अडचण होती, आणि तीस उपाय झाला नाहीं. मराठी मुद्रणाच्या इतिहासांतील ही हुकलेली संधि मनास चटका लावते.

आतां संग्राहकांच्या दृष्टीनें जी गोष्ट सर्वांत विलक्षण ती सांगतों. या तीन आवृत्त्यांपैकीं एकाही आवृत्तीची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. एत्येन द ला क्रुआ या फ्रेंच जेझुइटानें सेंट पीटरवर लिहिलेलें मराठी पुराण एकदांच, १६२९ पासूनच्या वर्षांत, गोव्यांत छापलें गेलें, आणि त्याच्या छापील प्रति टिकल्या आहेत. तीनदां छापलेलें ख्रिस्तपुराण मात्र छापील रूपांत सबंध नाहींसें झालें. पावसाळी हवा, वाळवी, आणि १६८४ सालीं व्हाइसरॉयनें देशी भाषेचा वापर तीन वर्षांत बंद करण्याचा जो हुकूम काढला त्यानें पालटलेलें वारें, यांनीं त्यास हातभार लावला असेल. आमचा तर्क असा कीं छापील प्रति मुख्यतः वाचून वाचून झिजल्या. कपाटांतलें पुस्तक टिकतें, हातांतलें फाटतें.

तरीही ग्रंथ मेला नाहीं, कारण लोकांनीं तो हातानें उतरवून घेतला. गोव्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयांत व पिलार येथें त्याचीं हस्तलिखितें आहेत. कानडा जिल्ह्यांत जाऊन राहिलेल्या गोमंतकी ख्रिस्ती कुटुंबांनींही आपल्या प्रति जपल्या. अशाच हस्तलिखितांवरून जोसेफ सालढाणा यांनीं १९०७ सालीं मंगळूर येथें रोमन लिपींत संपूर्ण आवृत्ति प्रसिद्ध केली. विचार करण्यासारखी गोष्ट ही कीं, त्या लेखनिकांच्या वेळीं या भाषेस राज्यकर्त्यांचा आश्रय उरला नव्हता. हुकूम तर उलट दिशेचा होता. अकरा हजार ओंव्या उतरवावयाच्या म्हणजे कित्येक महिन्यांचें काम. तें दिवसाकांठीं चरितार्थ संभाळून, घरच्यांनीं वाचावें, शेजाऱ्यांनीं ऐकावें, पुढच्या पिढीनें गावें म्हणून कोणीं केलें. स्टीफन्सच्या वेळीं भक्तीबरोबर सत्ता होती, म्हणून त्याच्या हेतूबद्दल शंका घेण्यास जागा राहते. या अठराव्या शतकांतल्या लेखनिकांबद्दल तशी शंका घेतां येत नाहीं. त्यांची निजभक्ति व त्यांचें धर्मकथन हीं एकाच बोरूच्या टोकाशीं होतीं.

देवनागरी प्रतीचा शोध हें एक स्वतंत्र प्रकरण आहे, येथें थोडक्यांत सांगतों. विल्यम मार्सडेन याच्या संग्रहांतील हस्तलिखितें १८३५ सालीं लंडनच्या किंग्ज कॉलेजास मिळालीं व तेथून १९१७ सालीं पौर्वात्य विद्यालयांत आलीं. त्यांत ख्रिस्तपुराणाची देवनागरी प्रत असल्याचें अमेरिकन मिशनचे पाद्री जस्टिन अॅबट यांनीं १९२३ सालीं जाहीर केलें, व हाच मूळ पाठ होय असें प्रतिपादिलें. रोमन पाठांत बाप्तिस्मा, चर्च, संस्कारविधि यांना पोर्तुगीज शब्द आहेत, तेथें या प्रतींत संस्कृत शब्द योजलेले आढळतात. मूळ पाठ कोणता यावर मतभेद आहे. आमचा कौल असा कीं, श्रोत्यांसाठीं अवघड शब्द टाकण्याची प्रतिज्ञा करणारा कर्ता आधीं संस्कृतप्रचुर लिहील हें संभवत नाहीं. मार्सडेन प्रत ही कोणा सुशिक्षित भक्तानें मागाहून केलेली शुद्धि असावी. असें असेल तर तिची किंमत उतरत नाहीं. ग्रंथ आपलासा करणाऱ्या आणखी एका वाचकाचा तो पुरावा ठरतो. पुढें १९५६ सालीं शांताराम बंडेलू यांनीं पुण्याहून देवनागरी आवृत्ति काढली व सामान्य मराठी वाचकास हा ग्रंथ प्रथमच सुलभ झाला.

या अॅबटसाहेबांचें नांव दुसऱ्याही एका ठिकाणीं येतें, म्हणून थोडें विषयांतर करतों. १८९३ सालीं राजनांदगांवास जातांना आगगाडींत एका अनोळखी गोऱ्या गृहस्थानें नारायण वामन टिळकांशीं काव्याविषयीं गप्पा मारल्या व त्यांच्या हातीं नवा करार ठेवला. टिळक त्यांतल्या डोंगरावरील प्रवचनाशीं येऊन थबकले. पुढें त्यांचा अॅबटांशीं पत्रव्यवहार झाला आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. येथें राजाज्ञा नाहीं, देवळें पाडणारा कप्तान नाहीं. लक्ष्मीबाईंनीं पांच वर्षें आपली वाट निराळी ठेवली व १९०० सालीं स्वतःच्या निर्णयानें त्या त्या धर्मांत आल्या. त्या कालांतील त्यांचे हाल त्यांनींच ‘स्मृतिचित्रां’त सांगितले आहेत. टिळकांनीं १९१७ सालीं मिशनचा पगार सोडला तो धर्मकथन सोडण्यासाठीं नव्हे. पगार घेऊन केलेलें कथन आपल्या लोकांस आपलें वाटत नाहीं, हें त्यांस उमगलें होतें. ओंवीबद्ध ‘ख्रिस्तायन’ त्यांनीं आरंभिलें. १९१९ सालीं ते वारल्यावर बहुतेक भाग लक्ष्मीबाईंनीं पुरा केला, व १९३८ सालीं, त्याही गेल्यानंतर, तें प्रसिद्ध झालें. स्टीफन्सच्या ओंवीशीं टिळकांच्या ओंवीचा थेट धागा जोडण्याचा मोह आम्ही टाळतों. दोघांस एकच वाट दिसली, कारण महाराष्ट्रांत ती वाट आधींपासून मळलेली होती.

शेवटीं आमच्या हातून झालेला एक प्रमाद सांगणें भाग आहे. सुमारें तीस वर्षांपूर्वीं कोंकणच्या बाजूस एका गांवीं रद्दीवाल्याच्या दुकानांत जुने कागद पाहत असतां रोमन अक्षरांत लिहिलेला, पुठ्ठा गेलेला एक जाड बाड आमच्या हातीं आला. पोर्तुगीज असावा असें समजून आम्हीं तो बाजूस ठेवला, आणि त्याखालचा मोडी रुमाल मात्र घासाघीस करून विकत घेतला. तो रुमाल एका कुळकर्ण्याच्या फुटकळ हिशेबांचा निघाला. पुढें सालढाणांची आवृत्ति प्रथमच पाहण्यांत आली. रोमन अक्षरांत मराठी ओंवी अशी दिसते हें तेव्हां डोळ्यांस कळलें, आणि बाडांतल्या त्या चारचार ओळींच्या रांगा आठवल्या. आम्ही परत गेलों तेव्हां दुकान दुसऱ्याचें झालें होतें. तो बाड ख्रिस्तपुराणाचाच होता असा दावा आम्ही करीत नाहीं. परंतु ज्यांच्या संग्रहीं गोवा, सावंतवाडी, कारवार अथवा मंगळूर बाजूचे असे ‘फिरंगी’ म्हणून न उलगडलेले कागद असतील, त्यांनीं पहिल्या पानावरच्या चार ओळी एकदां मोठ्यानें वाचून पाहाव्या, आणि कानास ओंवी लागली तर मंडळाच्या चिटणिसांस कृपा करून कळवावें.